शिंगणापूरच्या वस्तीवरचा कॉम्प्युटर

सावेडीतलं माझं दुकान मी आता बंद केलं आहे. दुकान म्हणजे काय, तर एका इमारतीच्या जिन्याखालची खोली. मधोमध टेबल, टेबलावर रबराची मॅट, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले स्क्रू-ड्रायव्हर आणि कोपऱ्यात लोक न्यायला विसरलेली जुनी यंत्रं. बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायचे आणि नवे जोडून द्यायचे, एवढाच माझा धंदा. सुरुवातीला गिऱ्हाईक आत यायचं, इकडंतिकडं बघायचं आणि मला विचारायचं, "मिस्त्री कुठं गेलेत?" मी उत्तर न देता कॅबिनेट पुढ्यात ओढून उघडायला लागायचे. पुढं पुढं लोकांना सवय झाली. आता शहराच्या पाट्यांवर अहिल्यानगर आलं, पण जुन्या गिऱ्हाइकांच्या तोंडी अजून 'नगरच्या पगारे मॅडम' हेच नाव आहे.

माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांपैकी बरीचशी 'मेला' म्हणूनच यायची. बटण दाबलं तर दिवा नाही, आवाज नाही. अशा वेळी मी आधी एसएमपीएस बघायचे. हे नाव बाहेरच्यांना जड वाटतं, म्हणून सांगते. कॅबिनेटच्या आत मागच्या बाजूला पत्र्याची एक पेटी असते. भिंतीतल्या प्लगमधून घरचा करंट तिच्यात येतो. तो करंट आहे तसा मदरबोर्डला दिला तर बोर्ड जळून जाईल. ही पेटी त्याचा जोर कमी करते, त्याचे लहान-लहान वाटे करते आणि रंगीत वायरींमधून ज्याला जेवढा लागतो तेवढा पोचवते. पिवळी वायर बारा व्होल्टची, लाल पाचची, काळ्या सगळ्या परतीच्या. बाकी सगळं ठीक असून ही पेटी गेली की कॉम्प्युटर मेल्यासारखाच. नवी पेटी लावली की उठून बसतो.

भिंगारचे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांचा कॉम्प्युटर दर पावसाळ्यात बंद पडायचा. एकदा मी पेटी उघडली, तर आत एक पाल वाळून चिकटलेली. सुभेदार टाचा जुळवून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, घुसखोर सापडला." मग मला म्हणाले, "तुम्हाला समाधान मिळत असेल नाही? मेलेलं जिवंत करायचं काम." तेव्हा मी हसले होते. खरंच मिळायचं समाधान. पंखा फिरायला लागला, पुढचा निळा दिवा लागला की गिऱ्हाइकाचा चेहरा उजळतो, तो बघायला मला फार आवडायचं. चालू करणं म्हणजे चांगलंच काम, यात शंका घ्यावी असं मला कधी वाटलंच नाही. ती शंका मला ऋषीच्या आईनं दिली.

ऋषी शिंगणापूरकडचा. नगरला पॉलिटेक्निकला होता, सावेडीत मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा. त्याला स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडायचा होता. तयार घेणं त्याला कमीपणाचं वाटायचं. एकेक वस्तू जमवत होता. आज कॅबिनेट, मग कधीतरी मदरबोर्ड, मग रॅम. प्रत्येक खेपेला टेबलाशी उभा राहून प्रश्न विचारायचा. प्रोसेसरवर पेस्ट किती लावायची, बोर्डाखाली पितळी खुंट्या का लागतात, हे सगळं त्याला कारणासकट हवं असायचं. हिवाळ्यात गावाहून येताना हुरडा घेऊन यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, ही फी."

शेवटची वस्तू त्यानं नेली ती एसएमपीएस. मी म्हटलं, "सगळं घेऊन ये इथं. पाच मिनिटांत लावून देते."

"नको मॅडम. हे घरीच जोडणार. तुम्ही फक्त सांगा."

मग मी सांगितलं. मोठा चोवीस पिनांचा सॉकेट बोर्डाच्या कडेला, त्याची खिट्टी ज्या बाजूला तिकडंच बसतो, जबरदस्ती करायची नाही. बसला की टक्‌ असा आवाज येतो. दुसरा आठ पिनांचा प्रोसेसरजवळ, तो लोक विसरतात. आणि सगळं जोडून होईस्तोवर प्लग भिंतीत घालायचा नाही.

"आधी जोडायचं, मग करंट," तो म्हणाला.

"शाब्बास," मी म्हटलं. पेटी बगलेत मारून तो गेला. त्यानंतर तो आला नाही. मला वाटलं, जमलं असेल. पोरांचं काम झालं की पोरं येत नाहीत, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नसतं.

काही महिन्यांनी एका दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली. पांढरी टोपी घातलेले, उन्हानं रापलेले एक गृहस्थ उतरले. गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"पगारे मॅडम तुमीच का?"

"हो. बसा."

"मी भाऊसाहेब. ऋषीचा बाप."

मला आनंद झाला. मी म्हटलं, "अहो, कुठं आहे तो? पुण्याला गेला का नोकरीला?"

त्यांनी गोधडी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "ऋषी वारला, मॅडम."

मी खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत. उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं.

माझ्याकडून पेटी घेऊन तो गावी गेला, त्याच दिवसाची गोष्ट. घरी पोचला तेव्हा लाईट गेलेली. जेवण झालं. दुपारी लाईट आली. कांद्याला पाणी द्यायचं होतं. भाऊसाहेब विहिरीवर निघाले, तर ऋषी म्हणाला, "अण्णा, तुमी पडा जरा. मी टाकून येतो मोटर." आदल्या दिवशी पावसाची एक सर येऊन गेली होती, विहिरीजवळची जमीन ओली होती. मोटरीच्या स्टार्टरची लोखंडी पेटी असते, तिच्यात करंट उतरला होता. ऋषीनं तिला हात लावला.

"अर्थिंगची तार जमिनीत गंजून तुटली हुती," भाऊसाहेब म्हणाले. "वरून धड दिसायची. वायरमननं उकरून बघितलं तवा कळलं. रोज मी हात लावायचो त्या पेटीला. त्या दिवशी बी मीच निघाल्तो."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. ते पाणी प्याले, मग त्यांनी स्वतःच गोधडी सोडली.

आत ऋषीचा कॉम्प्युटर होता. मी झाकण काढलं आणि बघत राहिले. मदरबोर्ड सरळ बसवलेला, एकही स्क्रू तिरका नाही. प्रोसेसर, त्यावरचा पंखा, रॅम, नवी हार्ड डिस्क, सगळं जागच्या जागी. वायरी गोधडी शिवायच्या निळ्या दोऱ्यानं बांधलेल्या, नीट गाठी मारून. इतकं निगुतीचं काम माझ्या हातूनही रोज व्हायचं नाही. फक्त एसएमपीएसची जागा रिकामी होती. ती खोक्यात तशीच, वरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

"एवढंच राह्यलं हुतं म्हनं," भाऊसाहेब म्हणाले. "तेवढं जोडून द्या. चालू झालेला बघायचाय."

मी खोकं उघडलं. पेटी आत बसवली, मागून चार स्क्रू आवळले. आठ पिनांचा सॉकेट लावला. मग मोठा लावला. टक्‌ असा आवाज आला. मग डिस्कच्या वायरी, आणि शेवटी दुकानातल्या पडद्याची वायर. भाऊसाहेब माझ्या हातांकडं बघत होते. मी प्लग भिंतीत घातला तेव्हा ते एकदम मागं सरले.

"ताई, हात काढा! हात काढा आधी!"

मी हात मागं घेतला. "घाबरू नका. भिंतीतला जोर इथं आत नाही. या वायरींमध्ये बाराच्या वर व्होल्ट नाहीत. तुमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीएवढेच."

"येवढ्यानं मानूस मरत न्हाई?"

"नाही."

ते बराच वेळ त्या पिवळ्या वायरीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मोटरीला बी तेवढाच आसता तर."

मी बटण दाबलं. पंखे फिरायला लागले. निळा दिवा लागला. पडद्यावर पांढरी अक्षरं आली. पहिल्याच फटक्यात. पहिल्यांदा जोडलेलं यंत्र असं एका दमात चालू होणं सोपं नसतं, काहीतरी सैल राहतंच. ऋषीचं काही सैल राहिलं नव्हतं. मी भाऊसाहेबांना ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पडद्याजवळ वाकले.

"आता ह्याच्यात त्याचं काय काय हाय, ते दिसंल का?"

हा प्रश्न मला आधीच ओळखता यायला हवा होता. "भाऊसाहेब, यात काही नाहीये. डिस्क नवी आहे. त्यानं हा कधी चालूच केला नव्हता ना."

"फोटू बिटू?"

"नाही."

"आवाज?"

"नाही हो. अगदी कोरी आहे."

ते टोपी काढून खाली बसले. पंखे फिरत होते, तो आवाज एरवी मला गोड वाटायचा. त्या दिवशी मी उठून बटण बंद केलं.

निघताना मी विचारलं, "घरी कुठं ठेवणार? प्लग जवळ असलेला बरा."

"घरात लाईट न्हाई, ताई."

"तोडली?"

"न्हाई. त्याच्या आईनं मेन स्विच पाडलाय, त्या दिवसापासून. वर कुनाला हात लावू देत न्हाई. रॉकेलची चिमनी न्हाईतर सोलरचा कंदील. मोबाईल शेजारी चार्ज करतो. मी वायरमनकडून घराचं, मोटरीचं, सगळं अर्थिंग नवीन करून घेतलं. दाखवलं तिला. तरी बी न्हाई." मग म्हणाले, "तुमी याल का एकदा? ऋषी घरी तुमचं लई सांगायचा. तुमचं ऐकंल ती. हा चालू झालेला बघितला, तर तिचा जीव जरा…"

रविवारी मी दुकान उघडत नसे. चर्चची उपासना आटोपून, जेवून मी स्कूटर काढली. ऊन कलायला लागलं तेव्हा वस्तीवर पोचले. बाजूला कांद्याचं वावर, अंगणात गोठा, दोन खोल्यांचं सिमेंटचं घर. ऋषीची आई मंदाबाई अंगणात शेंगा निवडत होत्या. माझ्याहून वयानं लहान, पण चेहरा सुकलेला.

"या ताई. पानी घ्या," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आस्थाही नव्हती.

आत पलंगाशेजारी स्टुलावर कॉम्प्युटर ठेवला होता. भिंतीवर मेन स्विचची पेटी होती. तिची दांडी खाली ओढलेली आणि तिला साडीचा काठ फाडून घट्ट बांधलेला. मी पलंगावर टेकले. काय बोलायचं ते वाटेवर ठरवून आले होते. अर्थिंग नवं आहे, भीतीचं कारण नाही, वगैरे. पण बोलायला सुरुवात त्यांनीच केली.

"ताई, त्याला सगळं यायचं ना? करंट कुटून येतो, कुटं जातो?"

"हो. चांगलं यायचं."

"मंग त्याला कसं न्हाई कळलं?" त्या माझ्यासमोर खाली बसल्या. "गावात बायका म्हनत्यात, येवढं शिकलेलं पोरगं, त्यानं वल्या जिमिनीत हात कसा लावला? माझा दीर बी म्हनला. दहाव्यालाच म्हनला. शिकून काय उपेग झाला, म्हनला."

भाऊसाहेब दारात उभे होते. त्यांनी मान वळवली.

मी म्हटलं, "मंदाबाई, करंट डोळ्यांना दिसत नाही. तार जमिनीखाली तुटली होती. वरून धड होती. वायरमनलासुद्धा उकरल्यावर कळलं. मी असते तरी मला कळलं नसतं. मीही हात लावला असता."

"तुमी बी?"

"मीही. त्याचं काही चुकलं नाही."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग नवऱ्याकडं वळून, जरा मोठ्यानं म्हणाल्या, "ऐकलं का? त्याचं चुकलं न्हाई."

"मी कदी म्हनलो चुकलं?" भाऊसाहेब म्हणाले.

"तुमी न्हाई म्हनला. पन कुनाला गप बी न्हाई केलं."

थोड्या वेळानं मी स्टुलाजवळ गेले. "हा चालू झालाय. त्यानं इतका नीट जोडला होता की पहिल्याच बटणाला सुरू झाला. तुम्ही म्हणत असाल तर मेन चालू करून दाखवते. काही भीती नाही."

मंदाबाई उठून जवळ आल्या. कॅबिनेटवर हात ठेवला. म्हणाल्या, "आतलं दिसंल का?"

मी झाकण काढलं. त्यांनी निळ्या दोऱ्याच्या गाठींवरून बोट फिरवलं. "ह्यो माझा दोरा. माझ्याकडून मागून घेतला." मग त्यांचं बोट एसएमपीएसपाशी थांबलं. "हे नव्हतं."

"हो, हे मी जोडलं परवा."

"हे त्यो जोडनार हुता, ताई. जेवताना मला म्हनला, आई, लाईट आली की तुझ्यासमोर जोडतो. तू इथं बसायचं. आनि बटन तू दाबायचं, पहिलं बटन." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "मी हात धुऊन बसले हुते. मंग लाईट आली, आनि त्यो आदी मोटर टाकायला गेला."

भाऊसाहेब म्हणाले, "अगं, मला काय म्हाईत? मला वाटलं, तुला बरं वाटंल."

"तुमच्यावर राग न्हाई माझा." मग त्या मला म्हणाल्या, "ताई, तुमच्या दुकानात चालला ना एकदा?"

"चालला."

"म्हंजे त्याचं बराबर हुतं."

"अगदी बरोबर होतं."

"मंग झालं. आता तुमी जोडलेलं तेवढं काढून द्या. बाकीचं त्याच्या हातचं हाय. तसंच राहू द्या."

इतकी वर्षं लोक माझ्याकडे बंद पडलेलं चालू करायला घेऊन आले. चालू असलेलं बंद करून द्या, असं मला कोणी म्हटलं नव्हतं. मी भाऊसाहेबांकडं पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच 'काढा' म्हटलं. मी पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढला. मोठ्या सॉकेटची खिट्टी दाबली आणि तो हळूच ओढला. हे सॉकेट पहिल्यांदा काढताना घट्ट असतात, बोर्ड वाकू नये म्हणून दुसऱ्या हातानं आधार द्यावा लागतो. मंदाबाईंनी न सांगता तिथं हात लावला. मग आठ पिनांचा काढला, डिस्कच्या वायरी काढल्या, चार स्क्रू सोडवले. पेटी बाहेर आली. भाऊसाहेबांनी तिचं खोकं आणून दिलं. मी ती आत ठेवली आणि झाकण मिटलं. ऋषीनं लावलेल्या एकाही वस्तूला मी धक्का लागू दिला नाही. माझ्या सगळ्या कामांत हे काम मी सर्वांत जपून केलं.

तो कॉम्प्युटर आजही तसाच आहे. भाऊसाहेबांचा सणासुदीला फोन येतो. मी त्याबद्दल विचारत नाही, तेच सांगतात, "हाय, जागेवर हाय." आणि पावसाळा लागायच्या आत वस्तीवरच्या प्रत्येक विहिरीवरचं अर्थिंग उकरून बघायला मंदाबाई त्यांना घराबाहेर काढतात, हेही तेच सांगतात. दिराची विहीरसुद्धा सोडत नाहीत.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. काम होईस्तोवर सूर्य बुडाला होता. मंदाबाईंनी चहा केला. मी कप खाली ठेवून उठले, तेव्हा घरात काळोख झाला होता. चप्पल शोधताना माझा पाय स्टुलाला लागला.

मंदाबाई म्हणाल्या, "थांबा ताई. दिसायचं न्हाई तुमाला." आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, लाईट लावा."

भाऊसाहेब जागचे हलले नाहीत. त्यांना ऐकू आलं नाही असं मला वाटलं. मग ते पेटीपाशी गेले आणि काठाची गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना. मी म्हटलं, "हात कोरडे करा. पायात चपला घाला. घाई नाही." त्यांनी हात टॉवेलला पुसले, चपला घातल्या. गाठ सोडली. मंदाबाई भिंतीला टेकून, डोळे गच्च मिटून उभ्या होत्या. दांडी वर गेली. आढ्याचा बल्ब लागला.

काही झालं नाही. बल्ब जळत राहिला. मंदाबाईंनी डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी त्या आपलं घर उजेडात बघत होत्या. कोनाड्यातलं गोळ्यांचं पाकीट, दोरीवरचे कपडे, पलंगाखालच्या ऋषीच्या चपला.

"किती धूळ बसलीय घरात," त्या म्हणाल्या. पदरानं त्यांनी कॅबिनेटचा माथा पुसला, एकदा, मग पुन्हा, आणि मग तिथंच खाली बसून, तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं रडायला लागल्या. भाऊसाहेब त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तेही रडायला लागले.

मी बाहेर आले. दोघांना एकटं सोडावं म्हणून दार ओढून घ्यायला हात मागं नेला, तर तिथं नुसती चौकट. त्या गावच्या घरांना दारं नसतात. मग मी घराकडं पाठ करून अंगणात उभी राहिले. माझ्या पायांपुढं आतला उजेड पडला होता.